तेल कोणी घातलं?

धाकटीचं लग्न झालं आणि घरातला आवाज निम्म्यावर आला, त्या वर्षीची ही गोष्ट.

धाकटीचा बाप शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. बाजारामागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शटर, आणि आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर ताटकळायचं. शिंपी, पडदे शिवणारे, पिशव्यांच्या कारखान्यातले लोक, सगळे त्याच्याकडे मशीन घेऊन यायचे आणि एकाच तऱ्हेची तक्रार सांगायचे. "मिस्त्री, दोरा खातंय हो." "कापड खातंय." मिस्त्री हात वर करून त्यांना गप्प करायचा. मग एका हाताने चाक हळू फिरवायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. शटल कुठे घासतंय, दाते कुठे अडतात, हे त्याला आधी कानाला कळायचं, डोळ्याला मागाहून.

या धंद्यात एक लबाडी चालते. आतून झिजलेल्या मशीनमध्ये जाड तेल ठासून भरलं, की ते काही दिवस मांजरासारखं गप्प चालतं. गिऱ्हाईक खूष होऊन जातं. झीज मात्र आत चालूच राहते, आणि एक दिवस मशीन जागच्या जागी आवळतं. मिस्त्रीने हे कधी केलं नाही. "आवाज बंद करणं वेगळं आणि दुखणं काढणं वेगळं," असं तो म्हणायचा, आणि त्यापायी त्याची बरीच गिऱ्हाइकं शेजारच्या गल्लीत गेली होती.

घरी त्याचे कान लागलेले असायचे बायकोच्या छातीकडे. तिला दमा होता. दम लागायच्या आधी तिच्या छातीत एक बारीक शिट्टी सुरू व्हायची, दूरच्या किटलीला वाफ धरावी तशी. तिला स्वतःला ती ऐकू यायच्या आत मिस्त्री उठून पंप तिच्या हातात द्यायचा. इतक्या वर्षांत हे दोघांच्या अंगवळणी पडलं होतं. शिट्टी, पंप, दोन घोट पाणी, आणि मग तिचं ठरलेलं वाक्य, "बसा आता, मेले नाही मी."

दम जास्त लागला की तिला हाक मारता येत नसे. म्हणून तिच्या खुर्चीशेजारच्या तिपाईवर स्टीलचा पेला आणि चमचा कायम ठेवलेला असे. चमचा पेल्यावर वाजला की मिस्त्री घरात असेल तिथून धावत यायचा. रोज सकाळी पाणी भरताना तो स्वतः एकदा चमचा वाजवून बघायचा. बायको हसायची. "पेल्याचीही दुरुस्ती काढलीत का?"

धाकटी सासरी जायला निघाली तेव्हा आईला आपला जुना मोबाइल आणि कानात घालायच्या दोन बोंड्या देऊन गेली. धाकटी घरात होती तोवर दुपारी कामावरून आली की आईशेजारी पाय पसरून बसायची आणि काहीतरी कुरुमकुरुम खात राहायची. काकडी, टोस्ट, पेल्यातला बर्फसुद्धा. आता ती जागा रिकामी होती, आणि दुपार झाली की आईचा जीव उगाच वरखाली व्हायचा. डॉक्टर म्हणाले, जिवाला स्वस्थता हवी, धास्तीने दम वाढतो.

"यात एक बाई नुसती खाते," माहेरी आली तेव्हा धाकटीने आईला दाखवलं. "बोलत नाही, काही नाही. डोळे मिटून ऐकायचं. अंग सैल पडतं. एएसएमआर म्हणतात याला."

"नाव सरकारी खात्यासारखं आहे," मिस्त्री म्हणाला. "आणि दुसऱ्याचं खाणं ऐकून कोणाचं अंग सैल पडतं? माझं तर डोकं फिरतं."

"बाबा, तुम्ही दिवसभर लोकांच्या मशीनचं खाणं ऐकता ना? मग आईला माणसाचं ऐकू दे."

बायको त्याच दुपारी खुर्चीत निवांत पडली. कानात बोंड्या, डोळे मिटलेले, कपाळावरच्या आठ्या उतरलेल्या. मांडीवरच्या मोबाइलमध्ये ती खाणारी. तिचं नाकापासून खालचंच दिसायचं. ओठ, हनुवटी, दोन स्वच्छ हात, मागे करडा पडदा. पुढे पांढरी थाळी. ती सावकाश एकेक गाजर उचलायची, तोंडाजवळ आणायची, जरा थांबायची, आणि चावायची. बोंडीतून बाहेर गळणारा तो कट्‌कट् आवाज मिस्त्रीला खोलीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू यायचा आणि त्याचे दात आंबायचे.

"कान किटले माझे," तो म्हणायचा.

"मग दुकानात जा," बायको डोळे न उघडता म्हणायची.

पहिल्यांदा गेला तो फाटकाच्या कडीचा आवाज.

ती कडी मिस्त्रीने स्वतः बसवली होती. उघडताना ती 'क्याँ' करायची, शेपटीवर पाय पडल्यासारखी. त्या आवाजावरून कोण आलं हे घरात कळायचं. एका संध्याकाळी मिस्त्री दुकानातून आला, कडी उघडली, आणि ती कापसात ठेवल्यासारखी मुकाट सरकली. त्याने पुन्हा लावली, पुन्हा उघडली. काही नाही.

"कडीला तेल कोणी घातलं?" त्याने आत येऊन विचारलं.

"या घरात तेल घालणारा तुमच्याशिवाय कोण आहे?"

"मी नाही घातलं."

"मग विसरला असाल. वय झालं."

मिस्त्री विसरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कडी काढून रॉकेलने धुतली, पुसून लख्ख कोरडी केली आणि परत बसवली. लोखंडावर लोखंड कोरडं घासत होतं आणि आवाज होत नव्हता. मग त्याने कुंडीतली चिमूटभर रेती खाचेत टाकली. बोटांना रेतीची करकर जाणवत होती, कानाला काहीच येत नव्हतं. तो बराच वेळ फाटकाशी उकिडवा बसून कडी मागेपुढे करत राहिला. रस्त्याने जाणारा शेजारी म्हणाला, "वा मिस्त्री! याला म्हणतात काम. आमच्या दाराकडेही बघा की."

हे सगळ्यात जिव्हारी लागणारं होतं. घरात काही बिघडलं असतं तर चार माणसं धावली असती. इथे बिघाडाचंच कौतुक होत होतं, आणि तेही त्याच्या नावावर.

मग जिन्याची पायरी गेली. वरच्या मजल्यावर बायकोची धाकटी बहीण राहायची. तिच्या तोंडाला खळ नव्हती. ती खाली येताना मधली लाकडी पायरी 'करर्र' बोलायची, आणि तेवढ्यात मिस्त्रीला वर्तमानपत्राआड लपता यायचं. आता मेहुणी एकदम पाठीशीच उभी राहायला लागली.

"दचकलात का भाऊजी? पायरी दुरुस्त केलीत ते एक बरं झालं हो. कधीची सांगत होते."

"मी हात लावलेला नाही तिला."

"असू दे, असू दे. केलेलं काम नाकारणारा माणूस पहिल्यांदा बघितला."

त्यानंतर किटलीचं झाकण. त्यानंतर खिडकीचं सैल तावदान, जे वाऱ्यावर थरथरायचं. थरथरताना अजून दिसत होतं. बायकोला याचं काहीच वाटत नव्हतं.

"अगं, ते तावदान ऐक."

"ऐकू येत नाही."

"तेच म्हणतोय मी!"

"मग चांगलंच आहे की. किती शांत वाटतं हल्ली घरात."

मिस्त्री कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आला. त्यांनी डोक्याला पट्टा लावून बारीकमोठे आवाज ऐकवले आणि म्हणाल्या, "तुमच्या वयाला इतके चांगले कान मी फार कमी बघितले." मिस्त्रीला हायसं वाटायला हवं होतं. तो दवाखान्यातून बाहेर पडला तेव्हा त्याला रडू येईल असं वाटत होतं. कान बिघडले असते तर बाकी सगळं ठीक होतं. खात्रीसाठी त्याने दुकानातलं एक खडखडतं मशीन घरी आणून ठेवलं. ते घरातही तसंच खडखडलं. त्याच्या शेजारी मिस्त्रीच्या आईच्या वेळचं काळं मशीन होतं. त्याचं पायदान त्याने हलवलं. चाक फिरलं, सुई वरखाली झाली, पट्टा सरकला, सगळं मुक्या सिनेमातल्यासारखं.

त्या दुपारी बायको अंघोळीला गेली होती. मोबाइल खुर्चीवर तसाच चालू होता. मिस्त्रीने का कोण जाणे, बोंडी उचलून कानात घातली.

खाणारीच्या हातात गाजर होतं. ती थांबली. तिने चावलं. कट् झालं, आणि त्या कट्‌च्या पोटात, अगदी तळाशी, 'क्याँ' झालं.

मिस्त्रीने बोंडी कानात आणखी आत दाबली. खाणारीने टोस्ट मोडला. करर्र. ती मधली पायरी होती. मेहुणीच्या वजनाची. किटलीचं झाकण, तावदान, सगळे तिच्या दाढांखालून एकेक जात होते, आणि ती चवीने चावत होती, घाई न करता. मग तिने ओठ मिटून काहीतरी बराच वेळ चघळलं. खट-खट, खटाखट, खट-खट. त्याची आई हयात असताना या घरात दुपारी असाच आवाज चालायचा.

त्याने धाकटीला फोन लावला. बोलताना आपलं बोलणं कसं लागतंय ते त्याचं त्यालाच ऐकू येत होतं.

"बाबा," धाकटी शांतपणे म्हणाली, "आवाज येतो म्हणून तक्रार करणारे लोक मी पाहिलेत. आवाज गेला म्हणून तुम्हीच."

"तू ऐक एकदा. कडी आहे त्यात आपली."

"ती बाई कुठे राहते कोणाला माहीत नाही. लाखो लोक ऐकतात तिला. तिला आपल्या फाटकाच्या कडीशी काय देणंघेणं?"

"तेच मला कळत नाही."

"हे बघा, मी घरात नाही म्हणून तुम्हाला घर सुनं सुनं वाटतंय. मलाही इथे तसंच वाटतं. आईला तेवढं सुख मिळतंय, ते काढून घेऊ नका."

मुलीचं बोलणं मुद्द्याला धरून होतं. मिस्त्रीच्या जवळ मुद्दा नव्हताच, नुसता कान होता.

पुढच्या आठवड्यात बायको खुर्चीत पडली होती आणि मिस्त्री तिपाईजवळ मशीनच्या बॉबिनची केस पुसत बसला होता. हवा दमट होती. अशा हवेत शिट्टी हमखास यायची. त्याने पंप जवळ घेऊन ठेवला आणि वाट बघत बसला. तिची छाती जरा भरभर वरखाली होत होती. गळ्याजवळची कातडी आत ओढली जात होती. शिट्टी नव्हती.

त्याने तिच्या एका कानातली बोंडी अलगद काढून आपल्या कानात घातली.

खाणारी पांढऱ्या वाडग्यातून एक लांब, बारीक नूडल ओढून घेत होती. ती संपता संपत नव्हती. ओठांच्या फटीतून एक शिट्टी निघत होती, दूरच्या किटलीला वाफ धरावी तशी.

मिस्त्रीने बायकोच्या तोंडात पंप कोंबला.

"अहो, काय चाललंय काय! झोपले होते मी!"

"तुला दम लागला होता."

"कुठे शिट्टी होती?"

त्याने मोबाइलकडे बोट दाखवलं.

त्याने तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर जुने, भले गृहस्थ होते, तिला कित्येक वर्षं तपासत आलेले. त्यांनी पाठीवर, पुढे, बगलेत नळी लावून ऐकलं. पुन्हा ऐकलं. फोटो काढायला लावला, फुंकर मारायच्या यंत्रात फुंकर मारायला लावली. यंत्राचा आकडा बेताचा होता, पण तो पूर्वीही बेताचाच असे.

"अभिनंदन," ते म्हणाले. "छाती इतकी स्वच्छ मी तुमची कधी ऐकली नव्हती. काय केलंत?"

बायको लाजून हसली. "काही नाही हो. दुपारी जरा मन रमवते."

"डॉक्टरसाहेब," मिस्त्री म्हणाला, "तिची छाती बरी झालेली नाही. गप्प झालीय."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे?"

"मशीनला जाड तेल पाजलं की होतं तसं."

डॉक्टर सौम्यपणे हसले आणि म्हणाले, पंप चालू ठेवा, महिन्याने या. वाटेत बायको त्याच्याशी बोलली नाही. घरी आल्यावर मेहुणीने मात्र भरपाई केली.

"बायको बरी झाली तर माणूस पेढे वाटतो, निदान चहा तरी पाजतो. यांचा चेहरा बघा, सुतकी!"

त्या दिवशी मिस्त्रीने मोबाइल उचलून दुकानात नेला आणि स्क्रूंच्या डब्यांमागे ठेवून दिला. बायकोने दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले. दुपारभर ती खिडकी ते दार, दार ते खिडकी येरझाऱ्या घालायची, श्वास तोकडा तोकडा घ्यायची. आणि या सगळ्यात आवाज म्हणून नाही. चप्पल फरशीवर घासत होती ती दिसायची फक्त.

"द्या तो," ती शेवटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोरगी गेली. तुम्ही दुकानात. मी या घरात बसून ऐकू तरी काय? इथे आहे काय ऐकायला?"

"होतं सगळं. तीच खाऊन बसलीय."

"ऐका जरा स्वतःचं बोलणं. मला दम लागतोय तो तुमच्यामुळे. धाकटीचा फोन आला होता, तीही हेच म्हणाली."

मेहुणी दारात उभी होती. कधी आली ते कळलं नव्हतं. "भाऊजी, तिचा जीव घ्याल तुम्ही अशाने," ती म्हणाली, आणि या वेळी ती चेष्टा करत नव्हती.

मिस्त्री दुकानात गेला आणि मोबाइल घेऊन आला. बायकोने बोंड्या कानात घातल्या. थोड्याच वेळात तिचे हात थांबले.

त्या दिवसापासून तो दुपारी दुकान बंद ठेवून मशीनं घरी आणायला लागला. कान उपयोगाचे राहिले नव्हते, म्हणून तो डोळ्यांनी पहारा करायचा. खुर्चीसमोर चार हातांवर बसायचा, काम मांडीवर घ्यायचा, आणि एक स्क्रू फिरवला की एकदा वर बघायचा. छाती वर, छाती खाली. मग पुढचा स्क्रू.

रोज सकाळी चमचा पेल्यावर वाजवायचा. टण्. हा एक आवाज अजून होता. तो दोनदा वाजवायचा, कधी तीनदा. बायको म्हणायची, "पुरे. वाजतोय."

त्या मंगळवारीही सकाळी तो वाजला. स्वच्छ, लांब, घरभर.

दुपारी पिशवीवाल्याचं मशीन उघडं होतं. बॉबिनच्या केसचा स्क्रू मुंगीएवढा असतो. तो बोटातून निसटला.

मिस्त्री वाकला. फरशीवर हात फिरवला. स्क्रू खुर्चीखाली नव्हता, मशीनच्या पायाशी नव्हता. तो गुडघ्यांवर बसून शोधत राहिला. घर शांत होतं. रस्त्यावर कोणाचा तरी हॉर्न वाजला, तो त्याला नीट ऐकू आला.

स्क्रू सापडला. तो वर बघायला लागला आणि आधी त्याला पाणी दिसलं. तिपाईवरून फरशीवर ठिबकत होतं, मुकाट.

पेला आडवा पडला होता. त्याच्या कडेला पोचे आले होते. एक नाही, कितीतरी, शेजारी शेजारी.

चमचा तिच्या मुठीत होता. वाकलेला.

तिची नजर मिस्त्रीवर होती.

त्याने पंप लावला, हाका मारल्या, मेहुणीला बोलावलं, डॉक्टर आले. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि बराच वेळ ऐकतच राहिले.

माणसं जमायच्या आधी, मेहुणी फोन करायला वर गेली तेव्हा, मिस्त्रीने बायकोच्या कानातली बोंडी काढली. मोबाइल चालूच होता. त्याने ती आपल्या कानाला लावली.

खाणारीच्या हातात बर्फाचा खडा होता. ती चावत होती. टण्. टण्. टण् टण् टण्. मग ती थांबली, तिने ओठांवरून जीभ फिरवली, आणि करड्या पडद्यापुढे तिची हनुवटी जराशी तिरकी झाली, काही ऐकत असल्यासारखी.

मिस्त्रीची बायको वारली ती धाकटीच्या लग्नाला वर्ष पुरं व्हायच्या आधी, उन्हाळा संपता संपता, एका मंगळवारी दुपारच्या चहाच्या वेळेला. तेव्हा नवरा तिच्यापासून चार हातांवर होता, आणि त्याचे कान चांगले होते.